खिंडीचा निर्णय अलीकडच्या मुक्कामावर

आतकरवाडीतून सिंहगडावर जायला साधारण 600 मीटरचा चढ आहे. साठी ओलांडलेले पुणेकर दर रविवारी तो चढतात, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खातात आणि दुपारच्या आत घरी परततात. हिमाचल प्रदेशातल्या हम्पता पासच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामापासून खिंडीच्या माथ्यापर्यंतचा चढही जवळजवळ एवढाच आहे. तरीही दर मोसमात सह्याद्रीत तयार झालेली, दणकट पायांची माणसं त्या चढाच्या मध्यावर डोकं धरून बसतात. सिंहगडाचा माथा 1300 मीटरच्या आसपास आहे आणि हम्पता पास 4270 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात शरीराला मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. पायांचा सराव घरी करता येतो. या हवेची सवय मात्र तिथे जाऊनच होते आणि तिला दिवस द्यावे लागतात.

मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरहून हिमालयात पहिल्यांदा जाणारे बरेच जण हम्पता पास निवडतात, आणि निवड चुकीची नाही. चार-पाच दिवसांत होतो, दोरखंड लावून चढण्याची गरज नसते आणि एकाच खिंडीच्या दोन बाजूंना दोन वेगळे प्रदेश दिसतात. अलीकडे कुल्लूचं हिरवं खोरं, देवदार, भूर्ज आणि कुरणं. पलीकडे लाहौलचे उघडेबोडके, तपकिरी डोंगर. मोसमी ढग धौलाधार आणि पीर पंजालच्या रांगांना धडकून बहुतेक पाऊस अलीकडेच पाडतात, म्हणून हा फरक. पण ‘सोपा ट्रेक’ असा त्याचा लौकिक झाल्यामुळे लोक त्याची तयारीही सोपी करतात, आणि तेच मला धोक्याचं वाटतं.

शिखर आणि खिंड यांत एक मोठा फरक आहे. शिखरावरून माणूस आला त्याच वाटेने उतरतो. कळसूबाईच्या शिडीपाशी बरं वाटेनासं झालं, तर पाठ फिरवली की आपण बारीकडे उतरायला लागतो. खिंड ओलांडली की मागची वाट बंद झाल्यासारखीच असते. हम्पता पासच्या पलीकडे उतरल्यावर पहिला मुक्काम शिआ गोरूला, तोही 3900 मीटरच्या आसपास. तिथून गाडीरस्ता गाठायला छत्रूपर्यंत आणखी काही तासांची चाल आणि मध्ये बर्फगार पाण्याचा प्रवाह. तिथे रात्री कुणाची तब्येत बिघडली तर मागे खिंड आणि पुढे नदी, अशा कात्रीत सगळा गट सापडतो. म्हणून जायचं की नाही, आणि कुणी जायचं, हे खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामावर, म्हणजे बालू का घेराला ठरवायचं. या लेखातली बाकी सगळी तयारी त्या एका संध्याकाळी निर्णय नीट घेता यावा यासाठीच आहे.

उंचीचा हिशेब आधी पाहू. मनाली साधारण 2050 मीटरवर आहे. मनालीहून प्रिणी, हामटा गाव या बाजूने गाडी जोब्रापर्यंत जाते आणि जोब्रा जवळजवळ 3000 मीटरवर आहे. तिथून तास-दोन तास चालून चिकाचा मुक्काम, 3100 मीटरच्या थोडा वर. दुसऱ्या दिवशी राणी नाल्याच्या कडेकडेने बालू का घेरा, 3600 मीटरच्या आसपास. तिसऱ्या दिवशी खिंड. आता मुंबईकराचा प्रवास बघा. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटतं, रात्रीचं विमान दिल्ली किंवा चंडीगडला, तिथून व्होल्वोने मनाली, त्याच दुपारी जोब्रा. समुद्रकाठचा माणूस दोन दिवसांत 3100 मीटरवर झोपतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी 4270 वर उभा असतो. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असं पर्वतवैद्यक सांगतं. या वेळापत्रकात तो नियम कसाबसा पाळला जातो, पण खालून येणाऱ्या शरीराला श्वास घ्यायलाही फुरसत मिळत नाही. मनालीत एक पूर्ण दिवस जादा काढा, आणि तो मॉल रोडवर घालवू नका. सकाळी जोगिनी धबधब्यापर्यंत किंवा सोलंगच्या बाजूला थोडं चढून या आणि झोपायला परत मनालीत. दिवसा उंच जायचं, रात्री खाली झोपायचं, ही डोंगरातली जुनी रीत आहे. शक्य असेल तर चिकालाही दोन रात्री काढा. गटाच्या आयोजकाला हे आधीच विचारा. एका दिवसाचे जादा पैसे द्यावे लागले तर द्या. साऱ्या खरेदीत तेवढा उपयोगी खर्च दुसरा नाही.

उंचीचा त्रास कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. पंचविशीतल्या मॅरेथॉन धावणाऱ्याला होतो आणि त्याच्या पन्नाशीतल्या काकांना होत नाही, असं नेहमी दिसतं. तंदुरुस्ती हे त्यावरचं संरक्षण नाही. उलट दमदार माणूस झपाझप चढतो आणि स्वतःला जास्त अडचणीत आणतो. सह्याद्रीत ‘टाइम काढायची’ सवय लागलेल्यांना हे कळायला वेळ लागतो. वर आल्यावर सहा ते बारा तासांत डोकं दुखू लागतं, जेवण नको वाटतं, मळमळतं, चक्कर येते, अंगात त्राण राहत नाही. डोकेदुखी आणि सोबत यातलं एखादं लक्षण असेल तर तो उंचीचाच त्रास आहे असं धरून चाला. ऊन लागलं असेल, पित्त झालं असेल, रात्री झोप लागली नाही, असली कारणं शोधत बसू नका. अशा वेळी करायचं इतकंच: आणखी वर जायचं नाही. त्याच उंचीवर थांबून पाणी, हलकं खाणं आणि विश्रांती घेतली, तर बहुतेकांचा त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो. ओसरला नाही किंवा वाढला, तर खाली उतरायचं. तीनशे ते हजार मीटर खाली आलं की फरक पडतो.

रात्री श्वासाची लय बिघडते, काही क्षण श्वास थांबल्यासारखा वाटतो आणि एकदम दचकून जाग येते. नवख्यांना यानेच भीती वाटते. या उंचीवर ते सर्रास होतं आणि एवढ्याने घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते दोन गोष्टींना. एक, बसल्या जागी धाप लागणं, सतत खोकला, ओठ-नखं निळसर पडणं, खोकल्यातून फेसाळ किंवा गुलाबी थुंकी येणं. फुप्फुसांत पाणी साचत असल्याची ही खूण आहे. दोन, माणूस असंबद्ध बोलू लागणं, चालताना झोकांड्या जाणं, नेहमीचा बोलका माणूस गप्प होऊन कोपऱ्यात बसणं. इथे मेंदूला सूज येत असते. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नसते. प्राणवायू लावायचा आणि रात्र असली तरी माणसाला खाली न्यायचं.

यासाठी एक साधी चाचणी प्रत्येकाला करता यावी. संध्याकाळी जेवणाच्या तंबूबाहेर सपाट जागेवर एक सरळ रेघ आखा. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला टेकवत, हात सैल सोडून, प्रत्येकाने त्या रेघेवरून दहा-बारा पावलं चालायचं. बूट काढलेले असले तर बरं, जाड तळव्यांमुळे तोल उगाच जातो. दमलेला माणूसही हे करू शकतो. पण जो दोनदा प्रयत्न करूनही रेघ सोडतो, आधारासाठी हात पसरतो, बाजूला कलंडतो, त्याला खिंडीत न्यायचं नाही. त्याला तिथे ठेवायचंही नाही, लगेच खाली न्यायचं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हल्ली प्रत्येक गटात असतो. त्याचा आकडा मदतीचा आहे, पण थंड बोटांवर तो चुकतो आणि माणसामाणसांत फरक पडतो. आकडा चांगला आला म्हणून डोकेदुखी झाकू नका. यंत्रापेक्षा माणूस काय सांगतो आणि कसा चालतो, ते महत्त्वाचं.

डायमॉक्स या नावाने मिळणाऱ्या असिटाझोलामाइडच्या गोळीबद्दल दरवेळी चर्चा होते. ही गोळी शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते. प्रतिबंधासाठी प्रौढांना ती सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. तिने लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. सल्फा औषधांची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. इतरांनीही मित्राने दिली म्हणून घेऊ नये. निघण्याआधी तीन-चार आठवडे आपल्या डॉक्टरांकडे जा, रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार यांपैकी काही असेल तर स्पष्ट सांगा. गोळी घेतली म्हणून चढण्याचा वेग वाढवायचा नाही, आणि लक्षणं दिसली की थांबायचं हे गोळीनंतरही तसंच लागू राहतं. दारू आणि झोपेच्या गोळ्या या दिवसांत पूर्ण वर्ज्य. पाणी दिवसभरात तीन-चार लिटर, थोडं थोडं करून.

मराठी गटांमधली एक गोष्ट मला फार खटकते. लोक डोकेदुखी लपवतात. रजा मोठ्या मुश्किलीने मिळालेली असते, पैसे भरलेले असतात, ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको’ ही भावना असते. मग नाश्त्याला दोन घास खाल्ल्यासारखं करायचं आणि गाइडने विचारलं की ‘एकदम मस्त’ म्हणायचं. असं करून आपण गटावर उपकार करत नाही. बालू का घेराहून परत फिरणारा माणूस एका सोबत्याबरोबर त्याच दिवशी चालत खाली जाऊ शकतो. तोच माणूस खिंडीवर कोसळला तर आठ जण लागतात. गटप्रमुखाने दर संध्याकाळी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारावं, सगळ्यांसमोर नाही. आणि परत फिरणाऱ्याला पाठीवर थाप देऊन पाठवावं.

आता मोसम. हम्पता पास जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो. जूनमध्ये खिंडीच्या दोन्ही बाजूंना भरपूर बर्फ असतं. ते सुंदर दिसतं आणि बहुतेकांना त्याचीच ओढ असते, पण उतारावरचं बर्फ पहाटे काचेसारखं कडक आणि दुपारी गुडघाभर मऊ होतं, त्यावर चालायला शिकावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये कुल्लूच्या बाजूला पाऊस असतो. वाटेपेक्षा मनालीपर्यंतचे रस्ते त्या दिवसांत जास्त बेभरवशाचे होतात. 2023 च्या जुलैत अतिवृष्टीने कुल्लू-मनाली रस्ता ठिकठिकाणी बियासमध्ये वाहून गेला आणि खिंडीपलीकडच्या चंद्रताल सरोवरापाशी शेकडो पर्यटक अवेळी पडलेल्या बर्फात काही दिवस अडकून पडले होते. सप्टेंबरमध्ये आकाश निवळतं, बर्फ बहुतेक वितळलेलं असतं, खाली दगडधोंड्यांची वाट उघडी पडते, मात्र रात्री चांगल्याच गारठतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुचवेन. महिनाअखेरपर्यंत लांबवू नका. 2018 मध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लाहौलमध्ये मोठी हिमवृष्टी झाली, रस्ते बंद पडले आणि अडकलेल्यांना काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. हम्पता पासवर गेलेले गटही तेव्हा अडकले होते.

तयारी किमान दोन महिने आधी सुरू करा. आठवड्यातून चार दिवस पाऊण तास वेगाने चालणं किंवा धावणं, आणि रविवारी पाठीवर आठ-दहा किलोंची सॅक घेऊन गड. सिंहगड, राजगड, हरिश्चंद्रगड, माहुली, जो जवळ असेल तो. शहरात डोंगर नसेल तर इमारतीचा जिना चालतो, लिफ्टकडे पाठ फिरवून रोज वीस-पंचवीस मजले. उतरण्याचा सराव लोक विसरतात. खिंडीपलीकडचा शिआ गोरूचा उतार तीव्र आणि सैल दगडांचा आहे, तिथे गुडघे बोलायला लागतात. भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसणं, एका पायावर हळूहळू पायरी उतरणं, हे व्यायाम मांड्यांसाठी करा. चढताना संथ, एकसारखी लय धरायची. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. सर्वांत हळू चालणाऱ्याला रांगेत सर्वांच्या पुढे, गाइडच्या मागे ठेवा. मागे ठेवलं की तो पोहोचेपर्यंत पुढच्यांची विश्रांती संपलेली असते आणि त्याला कधीच थांबायला मिळत नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. घोट्याच्या वर येणारे, खोल खाचांच्या तळव्यांचे बूट, आणि ते निघण्याआधी किमान 50-60 किलोमीटर चालून मऊ केलेले. नवे कोरे बूट थेट मनालीत काढले तर दुसऱ्या दिवशी टाचांना फोड येतात. कपडे थरांत घ्या: घाम शोषून लवकर सुकणारा आतला थर, मधे फ्लीस किंवा लोकर, बाहेर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, आणि मुक्कामासाठी पिसांचं किंवा तसंच गरम जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा, ओलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे मनालीपेक्षा खिंड चौदा-पंधरा अंशांनी थंड, वर वारा वेगळा. दोन जोड्या हातमोजे, कानटोपी, उन्हाची टोपी, लोकरीचे तीन-चार जोड मोजे, डोक्याला बांधायची टॉर्च, एक तरी चालायची काठी. बर्फाच्या दिवसांत बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स आणि पोटऱ्यांना गेटर्स, ही बहुतेक आयोजक पुरवतात, पण विचारून घ्या. काळा गॉगल बाजूने बंद होणारा असावा. बर्फावर परावर्तित झालेल्या उन्हाने डोळे जळतात आणि ते लगेच कळत नाही. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊ लागते. सनस्क्रीन नाकपुड्यांखाली आणि हनुवटीच्या खालीही लावा. खाऊला शेंगदाण्याची चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, सुके अंजीर. भूक मरते तेव्हा घरची चव थोडी तरी पोटात जाते, म्हणून भडंगाची छोटी पिशवीही राहू द्या. फोन आणि जादा बॅटरी रात्री झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा, थंडीत त्या झटकन उतरतात.

चिका ते बालू का घेरा या टप्प्यात आणि पुढे शिआ गोरू ते छत्रूच्या वाटेवर पाण्यातून जावं लागतं. माझ्या मते या ट्रेकमधला सर्वांत गंभीर प्रसंग हाच आहे, खिंडीचा चढ नव्हे. हे पाणी वरच्या बर्फातून येतं. पहाटे बर्फ गोठलेलं असतं तेव्हा प्रवाह मवाळ, ऊन चढलं की दुपारपर्यंत तोच ओढा मांडीपर्यंत चढतो आणि दगड गडगडवत नेतो. म्हणून पाणी सकाळी ओलांडायचं, उशीर झाला असेल तर दुसऱ्या सकाळपर्यंत थांबायचं. काठावर बसून बूट-मोजे काढा, बुटांच्या नाड्या एकत्र बांधून ते गळ्यात किंवा सॅकला अडकवा. अनवाणी कधीही उतरू नका, तळाचे दगड गुळगुळीत आणि काही धारदार असतात. मागे पट्टा असलेले फ्लोटर्स घाला. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे तोल जाऊन पाण्यात पडलात तर ओझं झटकन खांद्यावरून टाकता येईल. चार-पाच जणांनी एकमेकांच्या मनगटाला घट्ट धरून, सर्वांत भक्कम माणूस प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवून, तोंड प्रवाहाकडे करून आडवं सरकायचं. एक पाऊल नीट रुजलं की मगच दुसरं उचलायचं. पाणी इतकं गार असतं की अर्ध्या मिनिटात पायाची बोटं आपली वाटेनाशी होतात आणि माणूस घाई करतो. पडणं घाईतच होतं. पलीकडे गेल्यावर पाय कोरडे करकरीत पुसा, बोटांच्या मधूनही, आणि कोरडे मोजे घालूनच बुटात जा.

खिंडीचा दिवस सात-आठ तासांचा, काहींना नऊ. बालू का घेरा पहाटे पाच-सहाच्या सुमारास सोडावं आणि दुपारी बाराच्या आत माथा मागे टाकावा, कारण दुपारनंतर ढग चढतात आणि वारा सुटतो. आदल्या संध्याकाळीच परत फिरण्याची वेळ ठरवून ठेवा. त्या वेळेपर्यंत माथा आला नाही, तर समोर कितीही जवळ दिसला तरी मागे वळायचं, आणि हा निर्णय गाइडचा, मतदान नाही. बर्फावर चढताना बुटाच्या टोकाने खाच मारून पाऊल रोवा, पुढच्याच्या पावलांवर पाऊल ठेवा. उतरताना टाच आधी रुजवा आणि वजन किंचित पुढे ठेवा. घाबरून मागे झुकलं की पाय सटकतो. ओढ्यावरून गेलेलं बर्फ वरून भक्कम दिसलं तरी खालून पोखरलेलं असू शकतं, गाइडने तपासल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नका. माथ्यावर आकाश मोकळं असेल तर 6221 मीटरचं इंद्रासन शिखर समोर दिसतं. फोटो काढा, थोडं खा, आणि वीस मिनिटांत उतरायला लागा.

वाटेत गद्दी मेंढपाळ भेटतील. उन्हाळा लागला की शेळ्या-मेंढ्यांचे कळप घेऊन कांगडा-चंबाकडून या आणि आसपासच्या खिंडींमधून लाहौलच्या कुरणांवर जायची त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. ही वाट मुळात त्यांची. त्यांच्या राखणीच्या कुत्र्यांना खाऊ घालायला किंवा कुरवाळायला जाऊ नका, आणि कळपातून वाट काढू नका, वळसा घाला. समोरून खेचरं आली तर नेहमी डोंगराच्या अंगाला उभे राहा. दरीच्या अंगाला उभं राहिलेल्या माणसाला ओझ्याचा धक्का लागला की तो थेट खाली जातो. हवामानाबद्दल मेंढपाळ काही म्हणत असेल तर मोबाइलमधल्या अंदाजापेक्षा त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. आपला कचरा, ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅडसकट, बंद पिशवीत परत आणा. चिकाच्या कुरणात दगडांच्या आडोशाला जे दिसतं, ते पाहून वाईट वाटतं.

आयोजक निवडताना किंमत आणि फोटो पाहून थांबू नका. गाइडला प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का, किती जणांमागे एक गाइड, प्राणवायूची टाकी कोणत्या मुक्कामापर्यंत बरोबर असते, आजारी माणसाला खाली न्यायला वेगळा माणूस आहे का, हवामान बिघडलं तर खिंड रद्द करायचा अधिकार कुणाला, असे प्रश्न फोनवर सरळ विचारा. ‘आमच्याकडे सगळे पास होतातच’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा. जोब्रा सोडल्यावर फोनच्या नेटवर्कवर भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे मुक्कामांच्या तारखा आणि आयोजकाचा क्रमांक घरी कागदावर लिहून द्या, आणि किती दिवस फोन लागणार नाही तेही सांगा.

छत्रूला चंद्रा नदीच्या काठी उतरलात की चाल संपते. इथून बहुतेक गट गाडीने चंद्रतालला जाऊन येतात. हे सरोवर 2005 पासून रामसर यादीत आहे आणि त्याच्या काठावर तंबू ठोकायला मनाई आहे, मुक्काम अलीकडे काही अंतरावर होतो. मात्र चंद्रतालही 4300 मीटरच्या आसपास, म्हणजे खिंडीइतकंच उंच आहे, आणि तिथे तुम्ही रात्रभर झोपणार असता. छत्रूला कुणाचं डोकं अजून दुखत असेल तर त्याने चंद्रताल सोडून द्यावं आणि थेट मनाली गाठावी. पूर्वी यासाठी 3978 मीटरचा रोहतांग ओलांडावा लागे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी अटल बोगदा सुरू झाल्यापासून कोकसरवरून सिस्सूच्या बाजूने पलीकडे निघता येतं. छत्रू ते ग्रांफू हा रस्ता मात्र अजूनही कच्चा, नाल्यांनी कापलेला आहे, आणि एका दुपारच्या पावसाने तो बंद पडू शकतो. म्हणून मनालीत पोहोचण्याच्या दुसऱ्याच दिवशीचं परतीचं विमान कधीही काढू नका. मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. तिकिटाच्या धाकाने खिंड ओलांडण्याची वेळ गटातल्या कुणावरही येऊ देऊ नका.